हार्मोन थेरपीच्या रक्ततपासण्यांची वही: काय लिहायचं, सुई कधी टोचून घ्यायची आणि आकडे कुठे फसवतात

महिन्यातून दोन-तीन जणी तरी मला रिपोर्टचा फोटो पाठवतात. फोटो नेमका एका ओळीपुरता कापलेला असतो: एस्ट्रॅडिओल (शरीरातलं मुख्य एस्ट्रोजेन) २३८. खाली प्रश्न, "ताई, बरोबर आहे ना?" मी दर वेळी उलट विचारते, शेवटची गोळी किती वाजता घेतली होतीस आणि सुई किती वाजता टोचली? मग बराच वेळ नुसतं "टायपिंग" दिसत राहतं. शेवटी उत्तर येतं, "आठवत नाही गं."

ते आठवत नसेल, तर २३८ या आकड्याचा फारसा उपयोग नाही. तो जास्त असू शकतो, कमी असू शकतो किंवा अगदी हवा तसाही असू शकतो.

हा लेख एस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स स्त्रिया आणि टेस्टोस्टेरॉन घेणारे ट्रान्स पुरुष, दोघांसाठी आहे. डोस किती असावा हे इथे सापडणार नाही. ते तुमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टचं, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांचं काम आहे आणि वहीतले आकडे बघून स्वतःच डोस कमीजास्त करायला ही वही नाही. पण आकडे नीट गोळा करणं हे तुमचंच काम आहे. गोळी तुम्ही गिळता. ती किती वाजता गिळली हे लॅबला ठाऊक नसतं आणि दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांनाही कळत नाही.

टप्पा १: हार्मोन सुरू होण्याआधीची पहिली ओळ

वहीची पहिली ओळ औषधाच्या पहिल्या दिवसाआधीची हवी. ही ओळ नसल्यामुळे पुढे किती घोळ होतात! वर्षभराने एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) ५२ आलं तर ते औषधामुळे वाढलं की आधीपासूनच तेवढं होतं, हे सांगायला कोणी उरत नाही.

डॉक्टर साधारणपणे या तपासण्या सांगतात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या, सोडियम-पोटॅशियम, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल, टोटल टेस्टोस्टेरॉन, एस्ट्रॅडिओल आणि एस्ट्रोजेन घेणार असाल तर प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध तयार करणारं हार्मोन). त्याच दिवशीचं वजन आणि रक्तदाब लिहा. आधीपासून चालू असलेली सगळी औषधं लिहा, केसांच्या गोळ्या आणि आयुर्वेदिक काढ्यांसकट.

औषध आधीच सुरू झालं असेल तर हळहळत बसू नका. जुन्या आजारपणातला, ऑफिसच्या मेडिकलचा, रक्तदानाच्या वेळचा रिपोर्ट शोधा. हिमोग्लोबिन तरी त्यात बहुधा सापडतं, कधी क्रिएटिनिनही (किडनीची तपासणी).

टप्पा २: वही मांडणे

कागदी वही चालेल, मोबाइलमधली स्प्रेडशीट जास्त बरी. बहुतेक जण पहिली चूक इथेच करतात. डावीकडे तपासण्यांची नावं आणि वर तारखा, असा शाळेच्या हजेरीपटासारखा तक्ता आखतात. दिसायला छान दिसतो. पण तिसऱ्या वेळी लॅब बदलते, एकक बदलतं, गोळीची वेळ लिहायची असते, आणि ते लिहायला जागाच नसते.

त्यापेक्षा एका आकड्याला एक ओळ द्या. एका दिवशी आठ तपासण्या झाल्या तर आठ ओळी. रकाने असे:

१. सॅम्पल दिल्याची तारीख
२. सॅम्पल दिल्याची वेळ
३. शेवटच्या डोसची तारीख आणि वेळ
४. मधले तास, इंजेक्शन असेल तर कितवा दिवस
५. औषध, मात्रा आणि ते कसं घेतलं: गिळून, जिभेखाली, जेल, पॅच, इंजेक्शन
६. तपासणीचं नाव
७. रिपोर्टवरचा आकडा, जसाच्या तसा
८. रिपोर्टवरचं एकक
९. तुमच्या ठरलेल्या एककात बदललेला आकडा
१०. लॅब आणि तपासणीची पद्धत
११. शेरा: ताप, नवीन औषध, चुकलेला डोस, झोप, उपास

चौथा रकाना रिकामा राहिला तर बाकीच्या दहांची किंमत निम्म्यावर येते. मी माझ्या शीटमध्ये तो पिवळा करून ठेवलाय.

दुसरं पान औषधांचं. त्यात फक्त बदल लिहायचे: कोणत्या तारखेपासून कोणतं औषध, किती, किती वेळा, कोणी सांगितलं. दुकानात नेहमीचा ब्रँड संपला म्हणून दुसरा घेतला, तर तोही बदलच. तीन आठवडे औषध मिळालं नाही, तर तोही.

ताळा: स्प्रेडशीटमध्ये तारीख टाकल्यावर एकदा तपासा. ५ मार्च हे काही फोनमध्ये ३ मे होऊन बसतं. महिना अक्षरांत दिसेल असं सेटिंग ठेवा, म्हणजे कटकट मिटते.

टप्पा ३: तारीख आणि वेळ ठरवणे

आधी तारीख. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर दहाव्या दिवशी तपासणीला धावू नका. नवी पातळी अजून बसायची असते. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एक-दोनदा तपासणी करतात. तुमच्या डॉक्टरांनी मध्येच ६ ते ८ आठवड्यांनी बोलावलं तर त्यांचं ऐका.

पोटॅशियमला हा नियम लागू नाही. स्पायरोनोलॅक्टोन (टेस्टोस्टेरॉन रोखणारी गोळी, तिने पोटॅशियम वाढू शकतं) सुरू केलं किंवा वाढवलं की पोटॅशियम लवकर, पहिल्या काही आठवड्यांतच बघायला सांगतात. त्यासाठी ३ महिने थांबायचं नसतं.

आता वेळ. सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून सावकाश वाचा.

*गोळी जिभेखाली ठेवत असाल तर.* एस्ट्रॅडिओल जिभेखालून थेट रक्तात जातं. तासाभरात पातळी भरकन चढते आणि काही तासांत बरीच उतरते. माझी गोष्ट सांगते. एका तपासणीत माझं एस्ट्रॅडिओल ११८ होतं, पुढच्या तपासणीत ४१२. डोस तोच. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की घरी सॅम्पल घ्यायला येणारा मुलगा सातला येणार होता, तो साडेआठला आला. मी वाट बघून कंटाळले आणि साडेसातला गोळी जिभेखाली ठेवून चहा टाकला. माझं शरीर तेच होतं. मी फक्त पातळीच्या टोकावर सुई टोचून घेतली होती.

म्हणून सॅम्पल सकाळच्या गोळीच्या आधी द्या, म्हणजे आदल्या गोळीचा परिणाम सर्वांत खाली असताना. याला डॉक्टर ट्रफ म्हणतात. गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर घ्या.

*गोळी गिळत असाल तर.* चढउतार इतका तीव्र नसतो, पण नियम तोच ठेवा: गोळीच्या आधी, दर वेळी तितक्याच तासांनी.

*इंजेक्शन घेत असाल तर.* इंजेक्शननंतर पातळी चढते, मग पुढच्या इंजेक्शनपर्यंत घसरत जाते. टेस्टोस्टेरॉन एनन्थेट किंवा सिपिओनेट घेणाऱ्यांसाठी त्याच सूचनांमध्ये दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्यावर ४०० ते ७०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर हे लक्ष्य दिलंय. म्हणजे दर रविवारी इंजेक्शन असेल तर मध्य येतो बुधवार-गुरुवारच्या आसपास. शनिवारी रक्त देऊन ३६० आलं म्हणून "माझं टी कमी पडतंय" असं ठरवू नका. तो तळाचा आकडा आहे, त्याला मध्यावरचं लक्ष्य लावायचं नाही. अनडेकॅनोएट नावाचं लांब मुदतीचं इंजेक्शन असेल तर मात्र पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी रक्त देतात.

एस्ट्रॅडिओलच्या इंजेक्शनसाठी काही डॉक्टर मध्य बघतात, काही तळ. तुमच्या डॉक्टरांना कोणता हवाय ते विचारा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि वर्षभर त्यालाच धरून राहा.

*जेल लावत असाल तर.* रोज न चुकता लावायला लागून किमान आठवडा झालेला असावा आणि त्या दिवशी लावून किमान दोन तास. ज्या हातावर जेल लावता त्या हातातून रक्त देऊ नका. त्वचेवरचं औषध सुईबरोबर सॅम्पलमध्ये गेलं की आकडा आभाळाला भिडतो. तपासणीच्या आठवड्यात जेल मांडीवर लावता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

*पॅच लावत असाल तर.* हे वाचणारे बहुतेक परदेशात असतील. पॅच बदलल्यापासून कितवा दिवस ते लिहा आणि दर वेळी तोच दिवस धरा.

खबरदारी: तुम्ही घेत असलेलं एस्ट्रोजेन एस्ट्रॅडिओलच आहे ना, हे पाकिटावर वाचा. गर्भनिरोधक गोळ्यांमधलं एथिनिल एस्ट्रॅडिओल एस्ट्रॅडिओलच्या तपासणीत दिसत नाही. कॉन्ज्युगेटेड एस्ट्रोजेनही (अनेक एस्ट्रोजेनचं मिश्रण असलेली गोळी) त्यात नीट मोजलं जात नाही. रिपोर्टवर २० येतं, माणूस घाबरून आणखी गोळ्या घेतो आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवून बसतो. कोणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेल्या माला-गोळ्यांवर असाल, तर रिपोर्टआधी डॉक्टर गाठा.

टप्पा ४: सुईच्या आधीचे तीन दिवस

केसांच्या गोळ्या हा या टप्प्यातला सगळ्यात मोठा खलनायक. केस, त्वचा, नखं यांसाठीच्या अनेक गोळ्यांमध्ये बायोटिन (एक ब-जीवनसत्त्व) ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं. काही यंत्रांची मोजण्याची पद्धतच बायोटिनवर चालते. तिथे एस्ट्रॅडिओल आणि टेस्टोस्टेरॉन खोटे वाढलेले दिसू शकतात, तर प्रोलॅक्टिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटे कमी. शरीरात काहीही बदललेलं नसतं. अशा गोळ्या किमान दोन-तीन दिवस आधी थांबवा. फार मोठी मात्रा कुठल्या आजारासाठी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि लॅबमध्ये सांगा.

दुसरा खलनायक ॲसिडिटीची गोळी. पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन यांची जोडगोळी आपल्याकडे घरोघरी कपाटात असते आणि लोक ती पेपरमिंटसारखी खातात. यातलं डॉम्पेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवतं. लेव्होसल्पिराइड असलेल्या गोळ्याही वाढवतात. प्रोलॅक्टिन दुप्पट आलं की थेट मेंदूच्या एमआरआयपर्यंत गोष्ट जाते, आणि मग कळतं की लग्नात जेवण जड झालं म्हणून आठवडाभर गोळ्या चालू होत्या. शेऱ्याच्या रकान्यात पोटाच्या गोळ्या नक्की लिहा. मानसिक आजारावरची काही औषधंही प्रोलॅक्टिन वाढवतात. ती थांबवायची नसतात, फक्त लिहायची असतात.

स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. घरात कमी सोडियमचं मीठ आणलंय का? त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. रोज शहाळं पिता का? त्यातही पोटॅशियम भरपूर. ब्लड प्रेशरसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल तर तेही पोटॅशियम वाढवतं. हे डॉक्टरांना तपासणीच्या आधीच सांगायला हवं.

साखर आणि लिपिडसाठी उपाशीपोटी जा, पण पाणी प्या. पाणी न पिता गेलात तर रक्त दाट दिसतं, पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) वाढून येतं आणि टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याच्या जिवाला उगाच घोर लागतो. आदल्या दिवशी जिममध्ये पायांचा जबरदस्त व्यायाम केला असेल तर एसजीओटी-एसजीपीटी वाढून येऊ शकतं. तो व्यायाम दोन दिवस पुढे ढकला.

अंगात ताप असेल तर तपासणीच पुढे ढकला.

टप्पा ५: लॅबच्या काउंटरवर

शक्यतो एकच लॅब धरा. एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का बघा. ऑनलाइन सवलत मिळाली म्हणून दर वेळी वेगळी लॅब करणारे ४०० रुपये वाचवतात आणि तुलना गमावतात. "फुल बॉडी" पॅकेजच्या मोहातही पडू नका. ८० तपासण्यांत तुम्हाला हवं असलेलं एस्ट्रॅडिओल असेलच असं नाही आणि नको असलेले सतरा लाल बाण मात्र घरी येतात.

फॉर्मवर मोबाइल नंबर स्वतःचा आहे ना, हे दोनदा तपासा. लहानपणी घरच्यांनी वडिलांच्या नंबरवर नोंदणी केलेली असते आणि टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट वडिलांच्या व्हॉट्सॲपवर जाऊन पडतो. मला माहीत असलेल्या एका मुलीला घरी सगळं अशाच पद्धतीने सांगावं लागलं, तिची तयारी नसताना. नवीन नंबरावर नवीन नोंदणी करा, ईमेलही स्वतःचा द्या, आणि घरपोच कागदी प्रत नको असं स्पष्ट सांगा.

नाव आणि लिंग. फॉर्मवर स्त्री लिहिलं की पुरुष, यावरून रक्त बदलत नाही, पण रिपोर्टवरची संदर्भ-मर्यादा आणि ठळक बाण बदलतात. कागदपत्रं बदलल्यावर लॅबमधली नोंद बदललीत तर त्या तारखेला वहीत एक ओळ लिहा. नाहीतर वर्षभराने वाटतं, हिमोग्लोबिन अचानक कमी कसं झालं? आकडा तोच असतो, पट्टी बदललेली असते. जुन्या आणि नव्या नावाचे रिपोर्ट जोडायला लॅबचा पेशंट क्रमांक उपयोगी पडतो, तोही टिपून ठेवा.

रक्त देताना घट्ट पट्टा बांधल्यावर मूठ सारखी उघड-मीट करू नका. त्याने पोटॅशियम खोटं वाढतं. प्रोलॅक्टिन द्यायचं असेल तर उठल्या उठल्या सॅम्पल देऊ नका. झोपेत ते वाढलेलं असतं, म्हणून उठून तीनेक तास होऊ द्या आणि खुर्चीत पंधरा-वीस मिनिटं शांत बसा. घरी सकाळी साडेसहाला येणाऱ्या माणसाची वेळ या तपासणीला अगदी चुकीची.

ताळा: सुई निघाल्याबरोबर, कापूस दाबून धरलेला असतानाच, मोबाइलमध्ये वेळ टिपा. रिपोर्टवर तीन वेळा छापलेल्या असतात: नोंदणीची, सॅम्पलची आणि रिपोर्ट तयार झाल्याची. घरी घेतलेल्या सॅम्पलच्या बाबतीत "सॅम्पलची वेळ" म्हणून कधीकधी ते लॅबमध्ये पोचल्याची वेळ छापतात. तुमच्या मोबाइलमधली वेळ खरी धरा.

टप्पा ६: आकडे उतरवणे

रिपोर्टची पीडीएफ आधी जपून ठेवा. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, म्हणजे ओळीने लागतात. लॅबच्या ॲपवर विसंबू नका. ॲप बदलतात, लॉगिन विसरतं.

मग आकडा जसाच्या तसा उतरवा, त्याच्या शेजारी एकक. टेस्टोस्टेरॉन आपल्याकडे कुठे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतं, कुठे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. ०.३५ आणि ३५ एकच आहेत. फक्त १०० ने गुणायचं. हे न कळल्यामुळे "माझं टी एकदम शून्यावर आलं" म्हणून पेढे वाटायला निघालेली मैत्रीण मी पाहिली आहे.

लंडनमधल्या किंवा सिडनीतल्या लॅबचा रिपोर्ट असेल तर मोल्सची एककं येतात. गुणाकार असे:

एस्ट्रॅडिओल: पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर गुणिले ३.६७ म्हणजे पिकोमोल प्रति लिटर. १५० चे होतात सुमारे ५५०.
टेस्टोस्टेरॉन: नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर गुणिले ०.०३४७ म्हणजे नॅनोमोल प्रति लिटर. ५०० चे होतात सुमारे १७.३५.

पीसीव्ही आणि हिमॅटोक्रिट एकच. तिकडे ०.४८ लिहितात, इथे ४८ टक्के.

आकडा "५ पेक्षा कमी" असा आला तर ५ लिहू नका, शून्यही लिहू नका. यंत्राला त्याखाली मोजता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. "<५" असंच ठेवा.

तपासणीच्या नावाखाली बारीक अक्षरांत पद्धत छापलेली असते: सीएलआयए, ईसीएलआयए, सीएमआयए (या तीन नेहमीच्या) किंवा एलसी-एमएस (ही जास्त अचूक). ती उतरवायला आळस करू नका. टेस्टोस्टेरॉन ५० च्या खाली असेल तर नेहमीच्या पद्धती तितक्या अचूक नसतात. तिथे २२ आणि ३१ यांच्यात फरक शोधत बसण्यात अर्थ नाही. खरंच गरज असेल तर डॉक्टर एलसी-एमएस पद्धतीने करायला सांगतील.

ताळा: उतरवून झाल्यावर रिपोर्ट एकदा आणि शीट एकदा मोठ्याने वाचा. दशांश चिन्हाच्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत, कानांना ऐकू येतात.

टप्पा ७: वाचणे

रिपोर्टवरचे बाण तुमच्यासाठी बनवलेले नाहीत. एस्ट्रोजेन घेणाऱ्यांसाठी एंडोक्राइन सोसायटीचं लक्ष्य आहे एस्ट्रॅडिओल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली. लॅबच्या पुरुषांच्या पट्टीवर हे दोन्ही आकडे लाल होतील. म्हणजे उपचार बरोबर चाललाय आणि कागद किंचाळतोय. डॉक्टरांनी तुमच्यासाठी ठरवलेली मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि बाणांकडे नंतर बघा.

पुढचा प्रश्न: किती फरक पडला म्हणजे खरा फरक? यंत्र तेच सॅम्पल दोनदा मोजलं तरी थोडा वेगळा आकडा देतं. शरीरही रोज थोडं हलत असतं. याचा हिशोब मांडता येतो. समजा यंत्राचा हेलकावा ७ टक्के आणि शरीराचा १२ टक्के. दोघांचे वर्ग करून बेरीज केली की १९३, त्याचं वर्गमूळ सुमारे १३.९, त्याला २.७७ ने गुणलं की सुमारे ३८. म्हणजे या उदाहरणात दोन आकड्यांमध्ये ३८ टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल तर तो नुसता हेलकावा असू शकतो. १२० चे १४५ झाले म्हणून काही घडलं असं म्हणता येत नाही. तीन तपासण्या एकाच दिशेने गेल्या तर मात्र डॉक्टरांशी बोलायला विषय आहे.

आलेख काढणार असाल तर तारखा खऱ्या अंतरावर ठेवा आणि डोस बदललेल्या दिवशी उभी रेघ मारा. तळाचे आणि मध्यावरचे आकडे एकाच रेषेने जोडू नका. दोन वेगळे रंग वापरा. चुकीच्या वेळी घेतलेला आकडा खोडायचा नाही, पोकळ ठिपका करून ठेवायचा. माझा ४१२ अजून तसाच आहे.

हार्मोनच्या दोन आकड्यांपायी बाकीचे दुर्लक्षित राहतात. जिवाला धोका मात्र बहुधा त्या बाकीच्यांतूनच येतो.

*टेस्टोस्टेरॉन घेणारे:* पीसीव्ही आधी बघा. ते वाढून पुरुषांच्या पट्टीत जाणं अपेक्षितच आहे, म्हणून स्त्रियांच्या पट्टीवरचा बाण बघून घाबरू नका. ५० कडे सरकू लागलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता कळवा. ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर त्याच दिवशी. सिगारेट आणि झोपेत घोरणं, श्वास अडकणं यानेही ते वाढतं, तेही सांगा. मनानेच रक्तदान करून आकडा खाली आणण्याची युक्ती काही जण सांगतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती करू नका. मूळ कारण तसंच राहतं आणि लोह संपतं.

*एस्ट्रोजेन घेणाऱ्या:* हिमोग्लोबिन एखाद-दीड ग्रॅमने उतरून स्त्रियांच्या पट्टीत येणं हे टेस्टोस्टेरॉन कमी झाल्याचं लक्षण आहे. लगेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. पण त्या पट्टीच्याही खाली गेलं तर कारण शोधायलाच हवं. सायप्रोटेरोन (हेही टेस्टोस्टेरॉन रोखणारं औषध) चालू असेल तर प्रोलॅक्टिन आणि लिव्हरच्या ओळी नीट भरा. प्रोलॅक्टिन त्याने वाढू शकतं.

*स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या:* पोटॅशियम ५.५ च्या वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सॅम्पलमधल्या पेशी फुटल्या तरीही आकडा खोटा वाढतो. रिपोर्टवर "हिमोलाइज्ड" असा शेरा आहे का बघा. पण तो आहे म्हणून स्वतःच निश्चिंत होऊ नका, लगेच पुन्हा तपासा. ६ च्या वर किंवा छातीत धडधड आणि हातापायांत अशक्तपणा असेल तर सरळ हॉस्पिटल.

खबरदारी: एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं. यासाठी वही उघडायची नाही, रिपोर्टची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि हार्मोन घेत असल्याचं सांगायचं, लाज न बाळगता.

टप्पा ८: डॉक्टरांपुढे एक पान

मोबाइलमधली शीट झूम करत डॉक्टरांना दाखवण्यात अर्धी भेट संपते. एका पानाची प्रिंट न्या. वर चालू औषधं आणि कधीपासून. मध्ये शेवटच्या चार तपासण्या, प्रत्येकीसमोर डोसपासूनचे तास. खाली काय बदल जाणवले: झोप, मूड, पाळी, छातीतला ताण, पुरळ. त्याखाली जास्तीत जास्त तीन प्रश्न. दहा प्रश्न नेले तर महत्त्वाचा नववा असतो आणि तो राहून जातो.

डॉक्टर म्हणतील, "आकडा थोडा कमी आहे, वाढवूया का?" तेव्हा नम्रपणे विचारा, "सर, हा इंजेक्शनच्या सातव्या दिवसाचा आहे. मध्यावर परत बघून ठरवायचं का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने खूश होतो. ट्रान्स पेशंट फारसे न पाहिलेल्या डॉक्टरांना तर हे पान फारच उपयोगी पडतं, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमची पट्टी नसतेच.

नवीन डोस ठरला की प्रिस्क्रिप्शनवरची तारीख नको, पहिला डोस प्रत्यक्ष घेतला ती तारीख औषधांच्या पानावर टाका. दोन्हींत कधीकधी पंधरा दिवसांचं अंतर पडतं, कारण मेडिकलवाला "परवा येईल" म्हणतो.

आणि क्लिनिकमधून निघून रिक्षात बसल्यावर पुढच्या तपासणीची ओळ आत्ताच उघडून ठेवा: तारीख, वार, इंजेक्शनचा कितवा दिवस, केसांच्या गोळ्या कधी बंद करायच्या, प्रोलॅक्टिन असेल तर किती वाजता उठायचं. फोनमध्ये तीन दिवस आधीचा गजर लावा. गजराला नाव द्या, "बायोटिन बंद".